अनुमोदक : रुपराव

माणूस खोटं बोलेल, एखादे वेळी देवही बोलेल. पण सही-शिक्क्याचा कागद कधीच खोटं बोलत नाही!

हे वाक्य माझे साडू महादेवराव निखाडे यांचं. आयुष्यभर त्यांनी ते येईल-जाईल त्याला ऐकवलं. त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जुलै आहे. जन्मले ते कोजागिरीला.

ते असो. पण खाली जे सांगतो आहे ते शंभर टक्के खरं आहे. त्या वेळी सभागृहात महादेवराव सोडून त्रेसष्ट माणसं होती. या त्रेसष्ट जणांचं आजवर एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. चहात आलं घालावं का, यावरही नाही.

या एका गोष्टीवर मात्र झालं आहे.

दिवस, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. वेळ दुपारी साडेचार. ठिकाण नागपूर, मनीषनगरच्या पलीकडचा चिचतलाव.

हो, दुपारच. भुतं रात्री निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यातली नागपूरची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रं नसतं. पान हलत नाही. माणूस दिसलाच, तर तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला... नुसते डोळे.

तर या तलावाच्या काठावर एक रहिवासी मंडळ आहे. स्थापना १९७५. तेव्हा इथे तुरीची शेतं होती. आता फ्लॅट आहेत, पण मंडळ आहे. वर्षभर त्यांचं काही ना काही चाललेलं असतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की टोपल्या-फावडी घेऊन गाळ काढायचा. पोळ्याला घाटावर बैल धुवायचे. आता दोनच जोड्या उरल्यात. त्या टेम्पोतून येतात आणि टेम्पोतूनच जातात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचे लाकडी बैल. एका वर्षी कोणीतरी चार फुटी बैल आणला, तो बापालाच ढकलावा लागला. तेव्हापासून बैलाच्या उंचीवर ठराव आहे. थंडीत तलावावर बदकं येतात. ती मोजायला उपसमिती आहे. बदकं साधारण तीस असतात. उपसमितीत चौदा माणसं आहेत.

प्रत्येक गोष्टीचा ठराव होतो. मांडतो तो सूचक. उठून ‘अनुमोदन’ म्हणतो तो अनुमोदक. दोघांच्या सह्या वहीत. अनुमोदक नसेल, तर ठरावच नाही.

गेल्या वर्षी काठावर सरकारी कार्यालयाची नोटीस लागली. सुशोभीकरण!

म्हणजे घाटाच्या पायऱ्या आणि पुढचं साठ फूट पाणी बुजवून तिथे पार्किंग. हरकत असल्यास मंगळवारपर्यंत मंडळाचा ठराव द्यावा, सूचक आणि अनुमोदकाच्या सहीनिशी.

त्या घाटाच्या तिसऱ्या पायरीवर महादेवराव आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाई छत्तीस वर्षं रोज सकाळी बसत आले आहेत. लग्न झालं तेव्हा घरात अकरा माणसं होती. बोलायला जागा नव्हती, भांडायला तर नव्हतीच. दोन्ही कामं घाटावर झाली.

आणि ते नुकतेच मंडळाचे सचिव झाले होते. त्यांच्याआधी भैय्याजी डेहनकर बेचाळीस वर्षं सचिव. भैय्याजी निवृत्त झाले नाहीत, त्यांचे गुडघे झाले.

महादेवरावांच्या नोकरीची बावीस वर्षं बोर्डाच्या परीक्षांच्या भरारी पथकात गेलेली. मोज्यातली चिठ्ठी, चपलेतली चिठ्ठी, एकदा तर पोळीत लाटलेली चिठ्ठी त्यांनी पकडली. समोरचा माणूस श्वास घेतो आहे, एवढंसुद्धा त्यांना संशयास्पद वाटायला पुरे होतं.

ठराव नीट लिहावा म्हणून त्यांनी जुन्या वह्या काढल्या.

अनुमोदक : रुपराव.

पुढचं पान. अनुमोदक : रुपराव.

वर्षं बदलत होती. ठराव बदलत होते. अनुमोदक बदलत नव्हता...

आणि सहीही बदलत नव्हती. महादेवरावांनी भिंग लावलं. बेचाळीस वर्षांत माणसाचं अक्षर म्हातारं होतं, थरथरतं. हे अक्षर एका दिवसानंही मोठं झालं नव्हतं.

“सुभद्रे, मंडळात रुपराव कोण हाय वं?”

“कोणीच नाही. काहून?”

महादेवरावांना आनंद झाला. कॉपी सापडली होती!

मग ते मागे मागे जात राहिले. १८ सप्टेंबर १९८३ च्या पानावर थांबले.

‘आपले सभासद रुपराव हे पोळ्याच्या दिवशी गाळात रुतलेला बैल काढताना तलावात बुडून वारले. मंडळ त्यांना श्रद्धांजली वाहत आहे. सूचक : भैय्याजी डेहनकर.’

खाली सही. तीच.

अनुमोदक : रुपराव.

महादेवरावांनी ते तीनदा वाचलं. मग वही बंद केली. मग कूलर बंद केला, कारण त्यांना थंडी वाजत होती...

बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं.

संध्याकाळी ते थेट भैय्याजींच्या ओट्यावर.

“भैय्याजी, हे काय होय?”

“ठराव होय.”

“मेलेल्या माणसानं सोताच्या श्रद्धांजलीले अनुमोदन देलं?”

“मंग दुसरं कोणी उठलंच नाही ना गा.”

“खरं सांगा. सही तुमी ठोकली.”

भैय्याजींनी उजवा हात पुढे केला. हात सुपासारखा हलत होता. “पाह्य. माही सही मलेच वळखू येत नाही. दुसऱ्याची काय करतो मी?”

“मंग कोण करते?”

भैय्याजींनी हनुवटीनं तलावाकडे खूण केली.

“जित्ता होता तवाही असाच होता तो. मागच्या लायनीत बसे. काही बी मांडा, अनुमोदन. चिचेचं झाड तोडाचा ठराव आला, अनुमोदन. मंग न तोडाचा आला, त्यालेही अनुमोदन. मी म्हटलं, काहून गा? तर म्हणे, मांडणारा एकटाच उभा रायते ना भैय्याजी... बरं नाही दिसत.”

“तुमी पायलं त्याले? बादमधी?”

“मी मान वर करतच नाही. आवाज आला का लिवतो. वही फिरवतो, सही होऊन येते. तूही मान वर नको करू.”

महादेवराव ओट्यावरून उठले. मनात म्हणाले, म्हातारा पक्का आहे. सभेतच पकडतो.

रविवारी त्यांनी मंडळाच्या सभागृहात परीक्षाकेंद्रासारखा बंदोबस्त केला. मागचं दार बंद. खिडक्यांना कड्या. शेवटची ओळ थेट भिंतीला टेकवली. तिच्यामागे खुर्ची नाही, जागा नाही, काही नाही.

नुसती भिंत.

समोसे वाटून झाले. महादेवराव उभे राहिले आणि त्यांनी ठराव वाचला. घाट बुजवू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी टाळीही वाजवली.

“अनुमोदक कोण?”

टाळी थांबली.

नोटिशीमागे कोण मोठा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एक जण वाकून बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चप्पल होती.

“आपला फुल पाठिंबा हाय, पण जावई त्याच हापिसात हाय.”

“माझं नाव नका टाकू साहेब. भावना टाका.”

“अरे, एक तर उठा! घाट सगळ्यायचा हाय ना?”

कोणी उठलं नाही. महादेवरावांच्या हातातला कागद ओला झाला. मंगळवार दोन दिवसांवर होता.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखे थांबले. कूलरचा धडधडाट थांबला. इतकी शांतता त्या सभागृहात पन्नास वर्षांत झाली नव्हती.

कूलरच्या टाकीतून थेंब पडत होता. टप...

टप...

मग तोही थांबला.

आणि मागून, अगदी सावकाश, एक आवाज आला...

“अनुमोदन.”

महादेवरावांनी आधी भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी पहिल्या ओळीत होते. तोंडात अख्खा समोसा. त्या अवस्थेत माणसाला ‘अनुमोदन’ म्हणता येत नाही. महादेवरावांनी नंतर घरी स्वतः प्रयत्न करून पाहिला.

मग त्यांनी मान वर केली.

त्यांना त्रेसष्ट माणसांच्या पाठी दिसल्या. सगळे वळून भिंतीकडे बघत होते.

भिंत रिकामी होती.

“वही फिरवा,” महादेवराव म्हणाले.

वही ओळीओळीनं मागे गेली. शेवटच्या ओळीत मयुरा नावाची मुलगी बसली होती. नाशिकहून नोकरीला आलेली, महिन्यापूर्वी इथे भाड्यानं राहायला लागलेली, मंडळात कोणाला ओळखत नसलेली. तिच्याकडून वही परत निघाली.

वहीसोबत गेलेला पेन परत आला नाही, पण पानावर सही होती. शाई ओली होती. पानाला वास येत होता...

गाळाचा. पाणी घाटापासून दोनशे फूट मागे गेलेलं होतं.

“सही कोणी केली?”

“त्या काकांनी,” मयुरा म्हणाली. “मी वही मागे दिली, त्यांनी सही करून परत दिली.”

“मागे? मागं कोण हाय बाई?”

“ते टोपीवाले. अहो, हे काय, इथेच...”

ती वळली. हळूच उठली आणि पहिल्या ओळीत जाऊन जमिनीवर बसली.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. पण बावीस वर्षांचं भरारी पथक असं पळत नाही. महादेवरावांनी पुढच्या दाराला आतून कडी लावली. प्रत्येकाला एकेक कोरी चिठ्ठी दिली आणि तिच्यावर ‘रुपराव’ लिहायला लावलं. अक्षर जुळेल तो चोर!

बासष्ट वर्षांच्या बाईपासून वकिलापर्यंत सगळ्यांनी निमूट लिहिलं.

महादेवरावांनी चिठ्ठ्या गोळा केल्या. मोजल्या.

परत मोजल्या.

चौसष्ट.

त्रेसष्टांपैकी एकही अक्षर जुळलं नाही.

चौसष्टावी चिठ्ठी जुळली. तिचा कोपरा ओला होता...

त्या रात्री महादेवराव जेवले नाहीत. वही समोर घेऊन बसले.

“पाठवून द्या ना,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“खोटी सही पाठवू? मी? जनमभर लोकायची पोरं पकडली म्या!”

“खोटी कोणाची हाय? त्याचीच हाय म्हणता ना तुमी?”

महादेवरावांनी भिंग उचललं आणि सही परत पाहिली.

“आन् मले एक सांगा,” सुभद्राबाई ताट झाकत म्हणाल्या, “त्या त्रेसष्टात एकजण तरी उठला का?”

सोमवारी सकाळी ठराव गेला.

घाट अजून आहे. काम थांबलेलं आहे. ती सही कशी झाली, कोणी केली, महादेवराव सांगत नाहीत. मला वाटतं त्यांनाही माहीत नाही. मयुरानं खोली बदलली. भैय्याजींनी महादेवरावांना एवढंच विचारलं, “मान वर केली होती ना?” आणि उत्तराची वाट न बघता आत गेले. आता सभेत ठराव मांडून झाला की महादेवराव खाली वहीकडे बघतात. त्यांच्या मानेला काही झालंय का, असं परवा डॉक्टरांनी विचारलं.

पण एक अडचण उरली आहे.

कार्यालयाचं पत्र आलं. हरकत दाखल झाली, सुनावणीला सूचक व अनुमोदक यांनी ओळखपत्रासह समक्ष हजर राहावं. पहिल्या तारखेला महादेवरावांनी सांगितलं, अनुमोदकांची तब्येत बरी नाही. दुसऱ्या तारखेला सांगितलं, ते बाहेर असतात. दोन्ही वेळा ते खोटं बोलत नव्हते. साहेब म्हणाले, मग दुसरा अनुमोदक आणा, पण ही शेवटची तारीख. तो नाही आला तर हरकत रद्द.

मंडळातले त्रेसष्टही जण त्या दिवशी गावाला जाणार आहेत.

म्हणून वाचकांना विनंती. येत्या बारा तारखेला सकाळी अकरा वाजता कोणी मोकळं असेल, तर आधार कार्ड घेऊन यावं. त्याआधी मंडळाचं सभासद करून घेतलं जाईल. उभं राहून एकच शब्द म्हणायचा आहे. नाव काहीही चालेल. जिवंत असावं, एवढीच अट.

आणि पेन कृपया स्वतःचा आणावा.