आत शून्य माणसं

खोटं वाटलं तर वाटू द्या. मी काही लपवणार नाही. माझ्या मावसबहिणीच्या, वीणाच्या, डोळ्यांदेखत घडलेलं आहे हे.

रायपूर. तेलीबांध्याच्या पुढे, नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आइस्क्रीमचं गोदाम. गेल्या वर्षीचा मे, मंगळवार, भर दुपारचा दीड. बाहेर डांबर वितळत होतं. शीतगृहात उणे वीस.

भुतं रात्रीच येतात असं सांगणाऱ्यांनी ऑफिसं पाहिलेली नाहीत.

तिथली सिस्टीम वीणानं बसवलेली. त्याआधी वीस वर्षं गोदाम चालायचं म्हाताऱ्या गोदामबाबू दत्तोपंतांच्या डोक्यावर. तीन आठवडे ती त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली. कुठला माल कुठे, कोण कधी आत, सगळं काढून घेतलं.

"आन् हे बी लिही, पोट्टी," दत्तोपंत म्हणाले. "दार लावाच्या आधी तीनदा ठोकाचं. एकेकाचं नाव घ्याचं. आतून 'हव' आलं, म्हंजे कोणी हो म्हनलं, तं कडी लावाची नाही."

"काका, याला रकाना नाही."

"मंग बनव."

"मशीन मोजते ना. बोट ठेवलं की आत, बोट ठेवलं की बाहेर. शून्य झालं की दार आपोआप बंद."

म्हातारा हसला. "मशीनले ऐकू येते का?"

पुढच्या महिन्यात त्यांना काढलं. माहिती मिळाली होती, माणूस कशाला हवा? दोन महिन्यांत ते वारले.

त्या मंगळवारी वीणा शीतगृहासमोरच्या टेबलावर डबा खात होती. मॅनेजर केबिनमध्ये, बाकी सगळे जेवायला गेलेले.

ठक्... ठक्... ठक्...

दारावर. बाहेरून.

दारासमोर कोणीच नव्हतं.

मग आवाज आला. ओळखीचा.

"तुळशीराम..."

तुळशीराम म्हणजे खोकी उचलणारा हमाल. वीणानं डबा खाली ठेवला. तिनं स्क्रीन पाहिला. आत: ०.

आणि मग जाड दाराच्या पलीकडून, अगदी बारीक...

"हव..."

ती मॅनेजरच्या केबिनमध्ये धावली. "रणजितसर, दार उघडू द्या. तुळशीराम आत आहे!"

"सिस्टीम काय म्हणून राहिली?"

"शून्य."

"मंग आत भूत हाय काय?" रणजित हसला. "मधातच उघडलं तर हेड ऑफिसले रिपोर्ट जाते. तुह्यं परमनंटचं लेटर याच हप्त्यात निघून राहिलं. तुह्याच सिस्टीमवर तुहाच भरवसा नाही?"

वीणा परत आली. किल्ली तिच्याच ड्रॉवरमध्ये होती.

ठक्... ठक्... ठक्...

"तुळशीराम..."

या वेळी उत्तर आलं नाही.

तिनं कानात इयरफोन घातले. हे तिनंच मला सांगितलं.

चार वाजता दार उघडलं. तुळशीराम दाराला टेकून बसलेला. पापण्यांवर बर्फ.

खोकी उचलून उचलून त्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. मशीन त्याला ओळखायचीच नाही. तो दुसऱ्या कोणाच्या मागून आत शिरायचा, सगळ्यांना माहीत होतं. आतून दार उघडायची कडी तुटल्याची तक्रारही सिस्टीममध्ये होती. प्रलंबित.

चौकशीत एकच कागद जोडला. आत: ०. सगळे सुटले. मेला तो हमाल, त्याचा कुठे रकाना होता?

वीणा परमनंट झाली.

आता रोज दीडला दार वाजतं. नाव येतं. आतून "हव" येतं. ती रोज दार उघडते, रिपोर्टची पर्वा न करता.

आत खोकी असतात. फक्त खोकी.

मागच्या सोमवारी दार वाजलं, आणि नाव बदललं.

"वीणा..."

ती बाहेरच बसली होती. हातात डबा. पण तिच्याच तोंडून निघून गेलं...

"हव."

मंगळवारपासून गोदामाच्या फाटकावरची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोजणारी मशीन तिचं बोट घेत नाही. दहाही बोटं लावून झाली. रेषा जागच्या जागी आहेत.

काल तिचा फोन आला. "आज दिवसभर मी गोदामात आतच होते. स्क्रीनवर शून्य."

 रायपुरात पंचेचाळीस डिग्री होतं...

आणि तिचे दात वाजत होते.