डावं पुढचं चाक

चाक सापडलं सोयाबीनच्या शेतात, रस्त्यापासून चांगलं साठ पावलं आत. गाडी सापडली नाल्यात, नाक खाली करून. आणि अर्ल सोबचॅक सापडला सीट आणि स्टीअरिंग यांच्या मध्ये अडकलेला, बेशुद्ध.

फोन आला तेव्हा लोरीन हॅझलेट अर्लच्याच स्वयंपाकघरात नाश्त्याच्या बशा धूत होती.

"लोरीनबाई, लाल रोडरनर तुमचीच ना?" पलीकडून शेरीफच्या कचेरीतली डेप्युटी जनेल ओट्स विचारत होती. "चाक निखळलंय. डावं, पुढचं."

लोरीनच्या हातातली बशी सुटली. ते चाक आदल्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, तिनं स्वतः बसवलं होतं.

एकसष्ट वर्षांची ही बाई. मिल फोर्कच्या शाळेत एकतीस वर्षं पोरांना जेवण रांधून घातलं. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला बसल्या, आणि ही उठली ती थेट १९६८ ची प्लिमथ रोडरनर घेऊन आली. गंजलेली, इंजिन थंडगार, सीटखाली उंदरांचं अख्खं गाव. पाना कुठल्या टोकाला धरतात तेही हिला ठाऊक नव्हतं. गाड्यांच्या कारखान्यात जन्म घालवलेला शेजारचा अर्ल म्हणाला, "अगं, शिकवतो मी. पण हात तुझेच काळे होणार, सांगून ठेवतो!" दीड वर्ष झाले हात काळे. शनिवारी सकाळी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघाली. पहिली फेरी मीच मारणार, असा हट्ट अर्लनं धरला होता.

सोमवारी जनेलनं तिला कचेरीत बोलावलं. खोलीला खिडकी नव्हती. लोरीन खुर्चीत बसली आणि जनेलनं दार लावलं.

"चाक कोणी बसवलं?"

"मी."

"नट कोणी आवळले?"

"मी."

"अर्लनी तपासले?"

"नाही. म्हणाला, आता तुझं काम तपासायची गरज नाही."

जनेलनं मान खाली घातली. लहानपणी लोरीनच्या हातचा शुक्रवारचा पिझ्झा खाऊन वाढलेली पोर ती. पण काम ते काम.

"मी व्हर्जिल क्रमना विचारलं. गाड्यांच्या प्रदर्शनात वीस वर्षं ते परीक्षक आहेत. ते म्हणतात, या कंपनीच्या त्या काळातल्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. उजवीकडचे नट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले की घट्ट होतात, डावीकडचे उलट फिरवले की. खरं का?"

"खरं."

"नवशिक्या माणसाला ते लक्षात राहत नाही. तो नेहमीसारखा आवळायला जातो, आणि नट ढिला होऊन बसतो."

"पण पुढचे ब्रेक आम्ही बदललेत! जुने ड्रम काढून नवे डिस्क बसवले. त्या नव्या भागाला दोन्हीकडे सरळच आटे आहेत. उलटे राहिले ते फक्त मागच्या डाव्या चाकाला."

"व्हर्जिल हे काही बोलले नाहीत."

"त्याला कोण सांगणार! गाडीचा मूळचा एक स्क्रू बदलला तरी तो आठवडाभर तोंड फुगवून बसतो. अर्ल म्हणाला, गप्प बस, बाहेरून काही दिसत नाही."

जनेलनं हे लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "मग त्या पुढच्या चाकाचे नट तुम्ही कुठल्या दिशेनं फिरवले?"

दीड वर्ष अर्लनं डोक्यात एकच भरवलं होतं, डावं म्हणजे उलटं, डावं म्हणजे उलटं. शुक्रवारी हातानं सवयीनं तेच केलं असेल तर?

"आठवत नाही," ती म्हणाली.

"अर्ल गेले, तर सरकारी वकील गुन्हा दाखल करतील, लोरीनबाई. मला काही करता येणार नाही."

हॉस्पिटलच्या दारातून तर तिला शनिवारीच परत पाठवलं होतं. अर्लचा मुलगा कर्टिस दारात आडवा उभा राहिला होता. "माझ्या बापाला तुम्ही या अवस्थेला आणलंत. आत पाऊल टाकायचं नाही!" चूक आपली होती की नाही, ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

कचेरीतून घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसून राहिली. अर्लच्या गॅरेजकडे जायची हिंमत नव्हती, शेजाऱ्यांना तोंड दाखवायची नव्हती, आणि डोळे मिटले की तोच नट आणि तोच हात. दिशा मात्र काही केल्या दिसेना. माणूस दुसऱ्याच्या आरोपातून सुटेल, पण आपल्याच हातावरचा विश्वास उडाला तर जाणार कुठे?

मंगळवारी सकाळी चहा घेताना खिडकीत ठेवलेली नेलपॉलिशची बाटली तिला दिसली. नारिंगी रंगाची.

लोरीन ताडकन उठली.

नवशिक्या माणसाला भीती असते आणि भीतीपोटी त्याला सवयी लागतात. लोरीनची सवय ही, की ठरलेल्या जोराला पाना कट्ट वाजला की नटावरून चाकाच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची एक सलग रेघ मारायची. वाजला नाही तर रेघ नाही. आणि नट ढिला करताना पाना कधीच वाजत नाही.

यावरून व्हर्जिलनं काय कमी थट्टा केली होती? "बाई, नट आवळताय की नखं रंगवताय?" तो कॉफी प्यायला यायचा, गाडीभोवती हात मागे बांधून फिरायचा आणि खोड्या काढायचा. एकदा तर चाकाच्या मधोमध, पाचही नट झाकत बसणाऱ्या गोल टोप्यांवरून बोलला होता. "टोपी अशी तिरकी बसवतात होय? कंपनीचं नाव सरळ हवं आणि हवेचा व्हॉल्व्ह बरोब्बर त्याच्या खाली. मी परीक्षक असतो तर इथंच मार्क कापले असते." लोरीननं टोप्या पुन्हा तशाच तिरक्या ठोकल्या होत्या, मुद्दाम.

तिनं जनेलला फोन लावला. "मला गाडी बघायची आहे. आणि शनिवारी सकाळी अर्लच्या घरी आलेल्या दोघांनाही बोलव, कर्टिसला आणि व्हर्जिलला."

जप्तीच्या गाड्यांचं आवार म्हणजे चारी बाजूंनी उंच पत्रा आणि वर काटेरी तार. फाटक मागे लागलं. रोडरनर मध्ये उभी होती, पुढचा डावा कोपरा लाकडी ठोकळ्यावर टेकलेला. निखळलेलं चाक शेजारी टेकून ठेवलं होतं. दीड वर्ष पॉलिश केलेला रंग, त्यावर नाल्याचा चिखल.

कर्टिस हाताची घडी घालून उभा होता. तो हमरस्त्यावरच्या दुकानात नव्या गाड्यांचं तेल बदलायचा. जुन्या गाड्यांचं त्याला वावडं. व्हर्जिल इस्त्रीच्या शर्टात आला होता, खिशाला परीक्षकाचा बिल्ला.

"शनिवारी कोण कधी गॅरेजमध्ये गेलं?" जनेलनं विचारलं.

"आम्ही दोघं आत नाश्ता करत होतो," लोरीन म्हणाली. "गॅरेज उघडं होतं. कर्टिस शिडी न्यायला आला होता."

"शिडी घेतली आणि गेलो," कर्टिस गुरगुरला. "दोन मिनिटं."

"व्हर्जिलनं आमच्याबरोबर कॉफी घेतली. मग सिगारेट ओढायला बाहेर गेला, तो चांगला वीस मिनिटांनी परत आला."

"मोठी सिगारेट होती," व्हर्जिल म्हणाला.

लोरीन आधी निखळलेल्या चाकापाशी वाकली. पत्र्यावर, पाचही भोकांच्या कडेला, नारिंगी रेघांचे अर्धे तुकडे होते. "पाचही रेघा आहेत, जनेल. म्हणजे पाचही वेळा पाना वाजला होता. मी आवळलं होतं गं! नीट आवळलं होतं!"

"रेघ कुणी कधीही मारू शकतो," व्हर्जिल म्हणाला.

"खरंय. म्हणून बाकीची तीन चाकं बघू."

टोपी काढण्याआधी ती प्रत्येक चाकासमोर क्षणभर थांबली, नुसती बघत. मग टोप्या उचकटल्या. आत बंद तोंडाचे, आटे बाहेरून न दिसणारे चकचकीत नट होते, प्रत्येक नटावर नारिंगी रेघेचा अर्धा तुकडा. पण पत्र्यावरच्या अर्ध्याशी तो जुळत नव्हता. तिन्ही चाकांवर एकही रेघ सलग नव्हती.

"म्हणजे तुमच्यानंतर सगळ्या नटांना कुणीतरी हात लावलाय," जनेल म्हणाली आणि गर्रकन वळली. "कर्टिस, वडिलांनी गॅरेज बंद करावं म्हणून तू वर्षभर भांडतोयस. साऱ्या गावानं ऐकलंय."

"अहो, पण म्हणून मी बापाला मारीन?"

"मी अर्लला नेहमी सांगायचो," व्हर्जिल म्हणाला, "या पोराच्या—"

"गप्प बैस, व्हर्जिल," लोरीन म्हणाली. दीड वर्षात ती पहिल्यांदाच त्याच्याशी असं बोलली होती. "हे कर्टिसचं काम नाही. रेघा कुठल्या बाजूला सरकल्यात ते बघ, जनेल. उजवीकडची दोन्ही चाकं. नट कुठे गेलाय?"

जनेलनं बोट फिरवून पाहिलं. "काट्यांच्या दिशेनं. म्हणजे आणखी घट्ट."

"मागचं डावं?"

"उलट दिशेनं. तिथं उलटे आटे आहेत, म्हणजे तेही..." ती थबकली. "तेही आणखी घट्ट झालंय!"

"चाक पाडायला आलेला माणूस तीन चाकं आवळत बसेल का? हा हात ढिलं करायला आलाच नव्हता. आवळायलाच आला होता. आता कर्टिस नव्या गाड्यांवर काम करतो. त्यानं चारही चाकं एकाच दिशेनं आवळली असती, आणि मग मागचं डावं ढिलं झालं असतं. पण ते तर घट्ट आहे. म्हणजे या माणसाला जुन्या गाडीचा नियम पाठ होता, डावं म्हणजे उलटं. त्यानं मागचं डावं उलट फिरवलं, बरोबर केलं. मग पुढच्या डाव्यालाही तेच केलं. तिथं मात्र आटे आता सरळ होते. आवळायला गेला आणि ढिलं करून बसला."

पत्र्यावर ऊन तापत होतं.

"नियम पाठ असलेली माणसं त्या सकाळी तीनच होती. अर्ल, मी आणि आणखी एक. पण नव्या ब्रेकची गोष्ट फक्त अर्लला ठाऊक होती आणि मला."

"नवे ब्रेक?" व्हर्जिल म्हणाला. "कसले नवे ब्रेक?"

मग त्यानंच ठोकळ्यावरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. चाक नसल्यामुळे तिथं सगळं उघडं होतं, आणि जुन्या ड्रमच्या जागी डिस्कची सपाट तबकडी चकाकत होती. व्हर्जिलचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि टोप्या," लोरीन म्हणाली. "मी तिरक्या ठोकल्या होत्या. आता तिन्हींवर व्हॉल्व्ह बरोब्बर नावाच्या खाली होता. अख्ख्या परगण्यात टोपी अशी बसवणारा एकच माणूस आहे."

व्हर्जिल ठोकळ्याशेजारी जमिनीवरच बसला. "लांब दांडीचा पाना भिंतीवरच होता," तो म्हणाला. "एकेका नटाला एकेक हिसका दिला. प्रत्येक नट हलला, पुढच्या डाव्याचे तर सगळ्यात जास्त. म्हटलं, बाईच्या हाताला जोर नाही, बरं झालं मी बघितलं. खरंच, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"ते मला पटतं," लोरीन म्हणाली. "पण मग शनिवारीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो? मी स्वतः आवळलेलं चाक निखळलं! कसं, ते तीन दिवस कळत नव्हतं. झोप नाही मला. पन्नास वर्षांत व्हर्जिल क्रमचा एक नट चुकला असं कोणी म्हटलं नाही."

"म्हणून माझ्या गळ्यात बांधलंस? मी तीन दिवस स्वतःला खुनी समजत होते, व्हर्जिल! हे माझे हात मला बघवत नव्हते!"

लोरीनला राग आला होता, आणि त्या रागाखाली दुसरंही काही बोचत होतं. ब्रेकची गोष्ट त्याच्यापासून लपवताना ती आणि अर्ल किती हसले होते! एक शब्द सांगितला असता तर? पण ते आता अर्लपाशीच बोलायचं होतं, तो ऐकायला उरला तर.

कर्टिसचा फोन वाजला. तो बाजूला गेला. "हो... कधी? ... बोलताहेत? द्या ना त्यांच्याकडे." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. "डावं, बाबा. पुढचं डावं." फोन खाली ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"शुद्धीवर आले," तो म्हणाला. "पहिला प्रश्न काय, तर कुठलं चाक गेलं. मी सांगितलं. म्हणाले, 'मग लोरीन नव्हे. व्हर्जिलला विचारा.'"

लोरीनला एकदम रडू फुटलं. जनेलनं तिचा खांदा धरला. दोन हाडं मोडलेल्या अवस्थेत, डोळे उघडल्या उघडल्या, अर्लनं ते एका वाक्यात सोडवलं होतं, कारण तिच्या हातावर त्याचा विश्वास होता.

"चला," कर्टिस खाली बघत म्हणाला. "मी सोडतो तुम्हाला हॉस्पिटलला. तुमचीच वाट बघताहेत ते."

"एक मिनिट," लोरीननं डोळे पुसले. तिनं मागच्या चाकाची टोपी उचलली, जागेवर टेकवली आणि तळहाताचा एक दणका दिला. चांगली तिरकी बसली. व्हर्जिल बघत होता. मग जनेलनं फाटक उघडलं आणि ती बाहेर पडली.