आत किती माणसं

बस, बाबुलालभाऊ. स्टुलावर नको, त्याचा पाय मोडका हाये. त्या बारदानावर बस. ह्या घे चाब्या. मोठी गेटची, पितळेची केबिनची, आणि ही बारकी कायची हाये ते मले पाच वर्षांत समजलं नाही. शिट्टी पण घे, पण माह्या तोंडातली हाये, धुऊन घेजो.

आता शेवटचं सांगतो. ते मशीन. भितीवर हिरवा दिवा लुकलुक करून राह्यला ना, तेच. सकाळी बाया येतात, अंगठा ठेवतात, मशीन म्हणते थँक यू, बाई आत. संध्याकाळी पुन्हा अंगठा, पुन्हा थँक यू, बाई बाहेर. अंगठा नाही घेतला त म्हणते प्लीज ट्राय अगेन. आणि वरतं आकडा येते, आत किती माणसं हायेत त्याचा. जिनिंगचं काम हाये बाप्पा, कापसात ठिणगी पडली त आत किती जीव हायेत हे समजलं पाह्यजे, म्हणून तो आकडा.

आता सहा वाजून गेले. सरकी काढायचे रेचे बंद, पट्टे बंद. बाया गेल्या, हमाल गेले, सुपरवायझर अमर त पाचलेच गाडीले किक मारून पळाला. आत कुत्रंही नाही. तू सोताच पाहून आला ना? मंग आता तो आकडा वाच.

चव्वेचाळीस. बरोबर वाचला. मशीन बिघडलं नाही, तीनदा माणूस येऊन पाहून गेला. चहा ठेव खाली, सांडशील. ऐक.

तुले दारव्ह्याची जुनी कापसाची जिन आठवते? तू लहान असशील. तिचा भोंगा वाजला की बोरी अरबपावतर लोकं चुली पेटवत. मी तिथं कापसाच्या गठाणी उचलायचो. सकाळी दिवाणजी गेटवर खुर्ची टाकून बसे आणि एकेकाचं नाव घेई. "पुंडलिक!" "हाजिर जी." "हंसा!" "हाजिर जी." ही हंसा म्हणजे तवाची नऊ-दहा वर्षांची पोरगी, मायच्या लुगड्याले धरून यायची, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस निवडायची. शेठ काही देव नव्हता. लुटायचा तोही. पण नाव घेऊन लुटायचा. आपण कोणाले लुटून राह्यलो, हे त्याले तोंडपाठ असे. कोणी मेलं त त्याच्या दारात येऊन उभा राहे, लाजेकाजेनं का होईना.

ती जिन गेली. तिच्या जागेवर आता मोबाईलची दुकानं हायेत. इथं रस्त्यावर ही नवी जिनिंग झाली. हिचा मालक कोण हाये मले माहीत नाही, म्या त्याले पाह्यलं नाही. मालकाच्या खाली कंपनी, कंपनीच्या खाली मॅनेजर, त्याच्या खाली ठेकेदार, त्याच्या खाली अमर, आणि सगळ्यात खाली बाया. मले त्याईनं निळा शर्ट देला, पाठीवर सिक्युरिटी लिहिलेला. गठाणी उचलणाऱ्या माणसाले सिक्युरिटी केलं! मी पण भैताड, आरशात पाहून मिशीवर हात फिरवला.

हंसाबाई इथंही आली. पन्नाशीची झालती तवा. नवरा गेलेला, एक पोरगी, दीपा, दारव्ह्याले नर्सिंग शिकते. पोरीले कधी जिनिंगच्या गेटच्या आत पाय ठेवू देला नाही तिनं. म्हणे, "पुंडलिकभाऊ, माह्या पोरीच्या हाताले कापसाची रुई लागली नाही पाह्यजे." रोज सकाळी येताना म्हणायची, "जयभीम, पुंडलिकभाऊ." आणि मी... मी नुसता हं करायचो. चाळीस वर्षांची वळख, पण तोंडातून जयभीम निघत नव्हतं. कायले खोटं बोलू आता.

दिवाळी झाल्यावर हे मशीन बसलं. आणि हंसाबाईचा अंगठा काही उमटेना. बाप्पा, उमटंल कसा? चाळीस वर्षं कापूस, सरकी, पऱ्हाटीचे काटे. अंगठ्यावरच्या रेघा पार घासून गेल्या होत्या. पदराले पुसे, खोबऱ्याचं तेल लावे, फुंकर मारे. मशीन आपलं एकच म्हणे, प्लीज ट्राय अगेन. मागं रांग खोळंबे, बाया हसत. ती पण हसे. "काहून गा, मले वळखत नाही का तुहं मशीन?" मंग अमर वैतागून म्हणे, "जा व मावशी आत, मी कागदावर लिहितो." रोज आठ वाजून दहा मिनिटं व्हायची तिले आत जाता जाता.

तीन डिसेंबरले पण तसंच झालं. पाचदा ट्राय अगेन, मंग जयभीम, मंग आत. म्या पाह्यलं. या दोन डोळ्यांनी पाह्यलं.

अकराच्या सुमाराले आतून आवाज आला. रेच्याईच्या खाली सरकी वाहून नेणारा लोखंडी स्क्रू हाये, त्याच्यावर झाकण पाह्यजे. झाकण महिनाभर मोडलेलं होतं. हंसाबाई तिथली सरकी लोटत होती आणि पदर गेला. पदराच्या मागं ती गेली. बटन बंद करायले माणूस धावला, तोपावतर...

जाऊ दे. ते नाही सांगत.

अर्ध्या घंट्यानं ट्रॅक्टर गेटवर आला. ट्रॉलीवर ताडपत्री. अमर म्हणला, "गेट उघड." म्या उघडलं. त्याईनं तिले दूर रस्त्याच्या कडेले नेऊन ठेवलं आणि आवई उठवली की गाडीनं उडवलं. अरे हरामखोरांनो, रस्त्यावर उडवलेल्या बाईच्या केसात एवढी रुई येते कुठून? डोक्शात, कानात, पापण्याईत, सगळीकडं रुई. कोणी विचारलं नाही. सगळ्याईले दिसलं आणि कोणी विचारलं नाही!

संध्याकाळी अमरनं कागद आणला. मशीनमध्ये तिची हाजरी नव्हती, कधीच नव्हती. आणि त्याचा तो हातानं लिहिलेला कागद गायब. म्हणे, "पुंडलिक, ही बाई आज कामावर आली नव्हती. तू गेटवर होता. सही कर." मी साठीचा. गुडघे गेलेले. मले दुसरं काम कोण देते? केली सही. या हातानं केली. त्याच्यावर थुंकायचं त थुंक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाया आत गेल्या. धुकं होतं, गेटच्या पलीकडचा रस्ता दिसत नव्हता. मी इथंच बसलो होतो. गेटवर कोणी नाही. आणि मशीन बोललं.

"थँक यू."

मी उठलो. काचेवर तेलाचा डाग होता. अंगठ्याएवढा. त्यात एकही रेघ नव्हती... पार गुळगुळीत. आणि खोबऱ्याच्या तेलाचा वास, ताजा. पडद्यावर नाव: हंसाबाई. टाइम: आठ दहा. जिवंतपणी जिचा अंगठा एकदा घेतला नाही त्या मशीननं, मेल्यावर घेतला.

संध्याकाळी सगळे गेले आणि आकडा एकवर थांबला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. आकडा दोन. मंग तीन. सुट्टीच्या दिवशी पण. रोज आत जाते, बाबुलाल, बाहेर एकदाही आली नाही. तुले समजून राह्यलं का मी काय म्हणतो ते? एक बाई रोज आत येऊन राह्यली नाही. रोज एक नवीन आत चालली आणि आधीच्या तिथंच हायेत.

कामावरच्या बाया याच्यावर बोलत नाहीत, पण हंसाबाई गेली त्या सात नंबरच्या रेच्यावर कोणी बसत नाही. तिथं कोणी कापूस लोटत नाही, तरी कापूस खाली जाते. दाटीवाटीनं बसतात त्या आता. मी म्हणलं, एवढी जागा हाये, सरकून बसा ना. त एक जण हळूच म्हणे, "जागा कुठं हाये, भाऊ..."

आकडा वीस-बावीस झाल्यावर दीपा आली. गेटच्या बाहेर उभी राह्यली, आत पाय टाकला नाही. मायनं सांगितलेलं ना. रडली नाही, भांडली नाही. म्हणे, "काका, मले काही नाही पाह्यजे. लोक म्हणतात तुही माय रस्त्यावर भटकत होती. कामाचा दिवस सोडून कुठं हिंडत होती, म्हणतात. एवढंच सांगा. माय त्या दिवशी कामावर आलती का नाही आलती?"

आणि म्या खाली पाहून गेटची कडी लावली. ती गेली. पाठमोरी तशीच दिसते, मायसारखी. त्या रात्री एवढा राग आला मले, अमरचा, त्या न पाह्यलेल्या मालकाचा, पण सगळ्यात जास्त सोताचा. सकाळी आठ दहाले मशीन बोललं तवा मी उभा राह्यलो आणि त्या रिकाम्या जागेले म्हणलं, "जयभीम, हंसाबाई." चाळीस वर्षांनी म्हणलं. मंग दीपाले फोन केला. म्हणलं, अर्ज कर पोरी. मी बोलतो.

काल सरकारी चौकशीचे साहेब आले. सकाळी आठलेच, सोबत दीपा. तिले म्या हात धरून आत आणलं. माहीच अक्कल. माय जिथं पाय ठेवू देत नव्हती, तिथं म्या तिले आणलं.

म्या साहेबापुढं सगळं सांगितलं. गेट, ट्रॅक्टर, ताडपत्री, माही खोटी सही. अमर दात काढत होता. साहेब म्हणले, "तुम्ही आधी एक लिहून दिलं, आता दुसरं सांगता. मशीनमध्ये तर तिची हजेरी नाही." म्या म्हणलं, "साहेब, दोन मिनिटं थांबा."

आठ दहा झाले.

"थँक यू."

साहेबानं पाह्यलं. नाव वाचलं. काचेवरचा डाग पाह्यला, वास पण आला असंल, रुमाल लावला नाकाले. आकडा आतल्या बायाईपेक्षा एक्केचाळीसनं जास्त. तोंड पांढरं पडलं त्याईचं. मले वाटलं, आता लिहितात. आणि अमर म्हणला, "सर, मशीनमध्ये फॉल्ट आहे." साहेबानं पेनाचं टोपण लावलं. "मेंटेनन्स करून घ्या," म्हणले आणि गाडीत बसले! बाईचा अंगठा नाही उमटला तवा मशीन खरं आणि बाई खोटी. उमटला त मशीन खोटं. अरे मंग खरं कवा होते ही बाई? कोणाच्या वेळेवर?

दीपा तोपावतर माह्याजवळ उभी होती. साहेबाची गाडी गेली आणि तिचा तोल गेला. "माय आलती!" एवढं वरडली आणि त्या मशीनवर उजवा हात हाणला. जोरात.

"थँक यू."

म्या वरतं पाह्यलं. पडद्यावर नाव आलं... दीपा. तिचं नाव त्या मशीनमध्ये कोणी टाकलं नव्हतं. अमरनं सोताच्या पोराची शपथ घेतली, त्यानं टाकलं नाही, आणि बाबुलाल, पहिल्यांदा मले त्याचं खरं वाटलं. म्या पोरीले तिथून वढलं, सोताच्या हातानं दारव्ह्याच्या एसटीत बसवलं, गाडी नजरेआड होईपावतर उभा राह्यलो. ती बाहेर गेली. म्या पाह्यली. पण संध्याकाळी इथं आकडा बेचाळीस.

आज सकाळी अमरनं मले काढलं, ते बरंच झालं. तुले बोलावलं. पण तू यायच्या आधी आठ दहाले मी इथंच होतो. मशीन दोनदा बोललं. थँक यू. थँक यू. काचेवर दोन डाग. बेचाळीस आणि दोन किती होतात, तूच पाह्यलं आता.

म्या लगेच फोन लावला. दीपा कॉलेजात होती, बरी होती, बोलली. म्हणलं, काही झालं त नाही ना? म्हणे, नाही काका. उद्या मी यवतमाळले जाऊन राह्यलो. कलेक्टरच्या दारात बसतो, माही सही खोटी होती असं लिहून कागद गळ्यात बांधून बसतो, हाकललं त परवा बसतो. कोणीतरी लिहून देल्याशिवाय उठत नाही, की ती आलती. आकडा दुसऱ्या कायनं उतरंल असं मले वाटत नाही. तू फक्त एक कर. सकाळी आठ दहाले उभा राहजो, जयभीम म्हणजो, आणि मशीन किती वेळा बोललं ते मले कळवजो.

काहून एवढी घाई, असं तू विचारशील. दुपारी पोरीचाच फोन आला. कॉलेजात पण असंच मशीन हाये, आज तिचा अंगठा घेत नव्हतं, दहादा ट्राय अगेन म्हणलं. ती हसत होती. म्हणे, "काका, अंगठ्यावर रेघाच नाहीत माह्या, काल त होत्या."

मंग तिनं हसणं थांबवलं. आणि म्हणे, "आणि काका, सकाळपासून विंचरून राह्यली... केसातली रुई निघूनच नाही राह्यली."