रूबेनचं मधलं नाव

रूबेन या पहिल्या नावावरून कुणाचंच भांडण नव्हतं. बाळाचा बाप क्लेटन, तोही मुळात रूबेन क्लेटनच; त्यांच्या घराण्यात थोरल्याला रूबेन म्हणायचं, विषय संपला. भांडण होतं ते मधल्या नावावरून. आमच्या खाडीत सदतीस घरं, आणि त्या वर्षी त्यांत नऊ रूबेन. चिडलेल्या आईनं दारातून हाक मारली, तर नेमक्या कुठल्या रूबेननं धावत यायचं हे मधल्या नावावरूनच कळणार. पहिलं नाव चर्चसाठी, मधलं ओरडण्यासाठी.

म्हणून आमच्याकडे मधलं नाव कागदावर ठरत नाही. पाण्याकडच्या पायरीवर उभं राहायचं आणि दोन्ही नावं पूर्ण ताकदीनं खाडीवर ओरडायची. समोर काळा कडा आहे, तो नाव परत देतो. कानाला बरं वाटलं तर आणखी दोनदा. तिसऱ्या हाकेला नाव बाळाचं झालं, मग फिरवाफिरव नाही. न्यूफाउंडलंडच्या बाकीच्या किनाऱ्यावर काय करतात मला ठाऊक नाही, आम्ही असं करतो.

मी एडा, त्यांची शेजारीण. पोस्ट सांभाळते आणि रोजचं हवामान वहीत लिहिते, म्हणून अशा कामाला साक्षीदार म्हणून मलाच बोलावतात. जूनमधला शनिवार होता. दुपारचे तीन, वारा शून्य, पाणी ताटलीसारखं. पाद्रीबुवा दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याला बोटीनं येणार होते, आणि पुन्हा सहा आठवडे त्यांचं दर्शन नव्हतं. क्लेटनच्या बायकोच्या, व्हर्नाच्या स्वयंपाकघरात खारवलेलं मांस रटरटत होतं. तीन आठवड्यांचं बाळ तिच्या खांद्यावर दूध ओकत होतं, आणि तिची सासू टॅमसिनबाई मनुका घातलेले बन फोडून त्यांतल्या मनुका आधी खात होत्या.

"सायलस," टॅमसिनबाई म्हणाल्या. "रूबेन सायलस. यात विचार कसला करायचा?"

सायलस त्यांचा धाकटा. चार वर्षांपूर्वी बोट घेऊन गेला. बोट सापडली, तो नाही.

"सासूबाई, राग मानू नका," व्हर्ना म्हणाली. "पण या खाडीतलं एक नाव सांगा, ज्याचा माणूस पाण्यात गेला नाही. माझ्या पोराला तिकडून ओढणारं कुणी नकोय मला."

"मग काय आपल्या त्या कोंबड्याचं नाव ठेवणारेस?"

"कोंबडा निदान म्हातारा होऊन मेला."

मी चहाच्या कपात तोंड लपवलं.

शेवटी टॅमसिनबाई उठल्याच. पायरीवर गेल्या, ॲप्रनला हात पुसले आणि ओरडल्या, "रूबेन सायलस!" या वयात एवढा आवाज! कड्यानं नाव परत दिलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, मान जरा तिरकी करून. प्रतिध्वनी विरून गेला तरी उभ्याच.

व्हर्नानं बाळ एका हातावर घेतलं आणि दुसरा त्यांच्या पाठीवर ठेवला. "चला आत," ती म्हणाली. "बन गार होतायत."

मग तिनं माझ्याकडून नकाशांचं पुस्तक मागून घेतलं. शाळा मी तिसरीत सोडली. पुढचं जग त्या पुस्तकातून शिकले, त्यामुळे त्याची पानं गळायला आलेली. व्हर्नाचं बोट किनारा सोडून देशाच्या पोटात शिरलं.

"मावशी, इथे पाणी कुठेय?"

"कुठेच नाही. गहू आहे."

"आणि हे गाव?"

"एस्टेव्हन."

"रूबेन एस्टेव्हन." तिनं ते जिभेवर घोळवलं आणि हसली. "हे नाव कधी भिजलेलंच नाही."

"साबणाचं वाटतं," टॅमसिनबाई म्हणाल्या.

व्हर्ना पायरीवर गेली. बाळ माझ्याकडे दिलं, ते लगेच झोपलं.

"रूबेन एस्टेव्हन!"

मी सवयीनं मोजते. एक, दोन, आणि कड्यानं नाव परत दिलं. स्वच्छ, गोल.

घराच्या वरच्या अंगाला शेडच्या छपरावर क्लेटन डांबर फासत होता. तो तिकडून ओरडला, "आईला आवडलं का गं?"

"नाही!"

"मग ठेवून टाक!"

टॅमसिनबाईसुद्धा हसल्या. व्हर्नानं दुसऱ्यांदा हाक मारली. एक, दोन. कडा बोलला.

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि तिसरी हाक मारली.

एक. दोन. तीन. चार.

कडा गप्प होता.

मग खालून, शेवटच्या धक्क्याच्याही पलीकडून, जिथे नुसतं पाणी आहे तिथून, आवाज आला.

"आलो गं आई."

पुरुषाचा आवाज. तरुण, घोगरा, दमलेला. लांबून चालत येणाऱ्याचा असतो तसा.

छपरावरचं खरखरणं थांबलं. "कोण बोललं?" क्लेटननं विचारलं.

मी बाळाकडे बघितलं. ते झोपलेलंच होतं, तोंड उघडं टाकून.

बाळ व्हर्नाला देऊन मी खाली गेले. खाडीतल्या अकराही बोटी दोराला बांधलेल्या होत्या, मी दोनदा मोजल्या. धक्क्यावर कुणी नाही, दगडांवर कुणी नाही. पाण्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता.

वर आले तेव्हा टॅमसिनबाई पायरीवर बसल्या होत्या.

"सायलस नव्हता," त्या म्हणाल्या. "त्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. हा आवाज मी कधी ऐकलेला नाही."

"दुसरं नाव काढू," मी म्हणाले. "पुस्तकात पुष्कळ गावं आहेत."

"त्यानं ओ दिल्यावर?" टॅमसिनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही निर्दय बोलले. "आणि उद्या तो दारात येऊन उभा राहिला, तर त्याला काय म्हणून हाक मारायची?"

व्हर्नानं बाळाचे पाय शालीत आणखी घट्ट गुंडाळले.

त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं: वारा नाही, आकाश निरभ्र. दुसऱ्या दिवशी बाळ रूबेन एस्टेव्हन झालं. मग अख्खी खाडी त्यांच्या स्वयंपाकघरात नाचली, इतकी की एक फळी मोडली, आणि टॅमसिनबाईंनी पाद्रीबुवांना तीनदा नाचायला ओढलं.

रूबेन आता चौदाचा आहे. बोटीत त्याचा पाय कधी पडू दिला नाही. क्लेटननं आपली बोट विकली आणि सुतारकाम धरलं. पोरगा हसरा, खोडकर, मला 'पोस्टमास्तर' म्हणून चिडवतो. व्हर्ना हाक मारते तेव्हा तो चिमणीसारख्या बारीक आवाजात "आलो गं आई" म्हणून किंचाळतो. इतकी वर्षं ते ऐकून आम्ही दोघी हसत आलो. पाण्यावरून आलेला तो आवाज हा नव्हे, मग बाकी काही का असेना.

या ईस्टरपासून त्याचा आवाज फुटायला लागलाय. व्हर्ना त्याला रोज मध चाटवते, गळ्याला फ्लॅनेल बांधते. तो वैतागतो.

परवा आम्ही दोघी पायरीवर बटाटे सोलत होतो. व्हर्नानं त्याला जेवायला हाक मारली, दोन्ही नावांनी. तो आमच्या पाठीमागेच होता, शेडमध्ये, दहा पावलांवर. रंधा थांबलेला मी ऐकला.

"आलो गं आई."

घोगरा, दमलेला आवाज. व्हर्ना मागे वळली नाही. ती पाण्याकडे बघत राहिली.

मीसुद्धा.