दुपारी झोपणारी रेघ

“आली! आली! दोन वाजून दहा मिनिटं! कालचीच वेळ!”

हेडबाईची आरोळी एवढी मोठी होती, की कार्यशाळेच्या दुसऱ्या टोकाला दोराच्या वेटोळ्यात बसलेली मुंगी दचकून उभी राहिली आणि कशावरूनच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

“कशावरून कालचीच?” बिस्किट चमच्याने शोधत तो म्हणाला.

ही नावं काही आईबापांनी ठेवलेली नव्हती, हे सांगायला नकोच. हेडबाई तेरा वर्षांची. घरात, दारात, आगबोटीत, जिथे जाईल तिथे कामं वाटून द्यायची तिला भारी हौस. तिचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा. “बाहेर पाऊस पडतोय” असं म्हटलं, तरी तो “कशावरून?” विचारायचा, म्हणून तो कशावरून. आणि त्यांची मावसबहीण मुंगी दहाची. ती फार बोलत नसे. एकाच गोष्टीकडे तासन् तास बघत बसायची, आणि मोठ्यांना वाटायचं की पोरगी झोपेत आहे.

सुट्टीत तिघेही मावशीकडे आले होते. मावशीची कार्यशाळा धक्क्याच्या अगदी टोकाला होती. लांबलचक खोली, पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेली दोरांची वेटोळी, डांबराचा वास. खिडकीतून पाणी दिसायचं आणि पाण्यात एक खडकाळ बेट. दुपारी त्या पाण्याची चमक छपराच्या आतल्या बाजूला हलत राहायची. ती बघता बघता मलासुद्धा डुलकी लागली असती. मी दुपारच्या झोपेच्या बाजूचा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे उपयोगी पडेल.

कार्यशाळेच्या मध्यभागी टेबलावर कागदाचा रोल होता. तासाला हातभर कागद सरकायचा आणि त्यावर एक पेन सतत रेघ काढायचं. ही रेघ येत होती थेट समुद्रातून! बेटाच्या पलीकडे, धक्क्यावरून दिसत नाही अशा जागी, तळाच्या नांगराला दोराने बांधलेला एक पिवळा बोया तरंगत होता. वादळाची खबर आधी मिळावी म्हणून त्यावर यंत्रं बसवलेली होती. पण असे बोये दोर तुटून वाहून जायचे, आणि दोर तुटणार हे कुणाला आधी कळायचं नाही. म्हणून मावशीने नवा दोर बनवला होता. वरून साधा, पण पोटात केसाएवढा बारीक काचेचा तंतू. त्या तंतूतून उजेड धावायचा. दोर ओढला गेला, की तंतूही कणभर ताणला जायचा, उजेड बदलायचा, आणि तळातल्या केबलमधून ती खबर पेनापर्यंत यायची.

“म्हणजे दोर स्वतःच सांगतो, मला किती ओढतायत ते!” मावशी सांगायची, तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. दोन वर्षं खपली होती ती त्या दोरामागे.

आणि आता तो दोर रोज दुपारी विचित्र वागत होता. दिवसभर रेघ बारीक बारीक थरथरायची, लाटांची. पण दोन वाजून गेले की तिला मोठे, संथ फुगवटे यायचे. वर... खाली... वर... खाली. चार वाजायच्या आत सगळं पुन्हा पहिल्यासारखं!

बंदराचे मोठे साहेब तर वैतागलेच होते. “बाई, उन्हाने तुमची काच मऊ पडते. दोर ढिला होतो, झालं!”

“साहेब, खाली पंधरा पुरुष खोल पाण्यात ऊन कुठून जाणार?”

“मग बोयाला कोण ओढतंय? भूत? लाँचवाले रोज दुपारी बेटाभोवती फेरी मारतात. ही त्यांची वही. रोज लिहिलंय, ‘बोया पाहिला. जवळपास काही नाही. सर्व ठीक.’ आणि खाली माझी सही! शुक्रवारी मुख्य कार्यालयातून तपासणीला बाई येतायत. तोवर कारण सापडलं नाही, तर दोर वर काढायचा आणि भंगारात द्यायचा.”

मावशीने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि त्या दिवशी चहात साखर घालायला विसरली.

“शुक्रवार म्हणजे चारच दिवस!” हेडबाई म्हणाली. “कामं वाटून घेऊ या. कशावरून, तू जुने रोल काढ. मी वही बघते. मुंगी, तू... तू बस.”

मुंगी बसलेलीच होती. पेनाजवळ हनुवटी टेकवून ती फुगवट्यांकडे बघत होती. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, “ही रेघ झोपलीये.”

“काय?”

“झोपलीये. आमच्या बाळाचा पाळणा हलवताना दोरी हाताला अशीच लागते. ओढते, मग सोडते. ओढते, मग सोडते.”

“कशावरून?” हे आलंच! पण कशावरूनची एक गोष्ट चांगली होती. तो नुसतं विचारून थांबत नसे, करूनही बघायचा. कोपऱ्यात मावशीच्या दोराचा उरलेला तुकडा आढ्याला बांधलेला होता आणि तो चाचणीच्या छोट्या पेनाला जोडलेला होता. त्यांनी त्याला जाळ्याची झोळी टांगली आणि मुंगीला आत घातलं. झोळी आपल्या नादात झुलू लागली. मुंगीने डोळे मिटले. छोट्या पेनाने कागदावर रेघ काढली.

वर... खाली... वर... खाली.

“अगं बाई!” हेडबाई कुजबुजली. “समुद्रातल्या फुगवट्यांची सख्खी बहीण!”

“म्हणजे बोयाला काहीतरी बांधलेलं असतं,” कशावरून म्हणाला. “बोयापेक्षा पुष्कळ मोठं. वाऱ्याने ते इकडून तिकडे झुलतं. पण काय?”

उत्तर वहीतच होतं. गेल्या मंगळवारी पान कोरं होतं. लाँचवाले काका दाढ काढायला गेले होते, लाँच दिवसभर धक्क्यालाच होती. कशावरूनने मंगळवारचा रोल जमिनीवर उलगडला. दोन वाजले, तीन वाजले, चार वाजले. एकही फुगवटा नाही!

“लाँच नाही, तर फुगवटाही नाही!” हेडबाई म्हणाली. तेवढ्यात बाहेर लाँचचा भोंगा वाजला. काका फेरीवरून परतले होते. धिप्पाड देह, गोड हसू, आणि उजव्या गालावर...

“काका, गालाला काय झालं? चौकोन उमटलाय!” हेडबाईने साळसूदपणे विचारलं.

“अं? काही नाही गं! वारा लागला,” काका गाल चोळत म्हणाले आणि घाईघाईने निघून गेले.

“वारा चौकोनी असतो, हे मला माहीत नव्हतं,” कशावरून म्हणाला. लाँचमध्ये लाइफजॅकेटांचा ढीग होता. त्यांच्या पट्ट्यांना चौकोनी बकलं होती. उशी म्हणून घेतली, तर गालावर नेमकं काय उमटेल, हे सांगायला मोठं डोकं लागत नाही.

“बेटाच्या सावलीत लाँच बोयाला बांधतात आणि खुशाल घोरतात!” हेडबाई उसळली. “चला, मावशीला सांगू!”

“मावशी काय म्हणेल?” कशावरून म्हणाला. “‘पुराव्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही.’ आणि साहेब त्या वहीवरच विश्वास ठेवणार, सही त्यांचीच आहे ना!”

मग पुरावा आणायचा कुठून? बेटामागे जायची मुलांना परवानगी नव्हती. तिघे पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसले. पाणी कोमट होतं.

“झोपलेल्याला उठवलं,” मुंगी पाण्याला म्हणाली, “तर रेघ पण उठेल.”

शुक्रवारी सकाळी मावशी गजराचं घड्याळ शोधत होती. “अरे, रोल बदलायची वेळ झाली आणि घड्याळ कुठे गेलं?”

घड्याळ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होतं, सोबत खडखडाटासाठी मूठभर खिळे. डबा लाँचमध्ये, लाइफजॅकेटांच्या ढिगाखाली. किल्ली पूर्ण भरलेली, गजर पावणेतीनचा. हेडबाईने तो ठेवला, तेव्हा काका धक्क्यावर वर्तमानपत्र वाचत होते.

“आम्ही बदलतो रोल!” कशावरून मावशीला म्हणाला. नऊ वाजता रोल चढवायचा होता. तासाला एक हात, म्हणजे पावणेतीनला पावणेसहा हात. त्याने कोरा कागद उलगडला आणि पट्टीने दोनदा मोजला. मग मुंगीने त्या जागी पेन्सिलीने एक इवलंसं चित्र काढलं. कागद पुन्हा गुंडाळून त्यांनी रोल जागेवर बसवला.

दुपारी तपासणीच्या बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, आणि ऐकताना एकदाही मान न डोलवणाऱ्या. दोन वाजून दहा मिनिटांनी रेघ फुगली. वर... खाली...

“बघितलंत? हे रोजचंच आहे,” साहेब म्हणाले. “लाँच या वेळी फेरीवर असते, तिथे काही नसतं. दोरच खोटं बोलतोय.”

“तुमचं म्हणणं?” बाईंनी मावशीला विचारलं.

मावशीने रेघेकडे बोट दाखवलं. “कारण मला अजून सापडलेलं नाही. पण माझा दोर खोटं बोलत नाही.”

“मला कारण हवंय,” बाई म्हणाल्या. “नाहीतर काढावा लागेल.”

अडीच वाजले. छपरावर पाण्याची चमक हलत होती. खोलीत इतकं ऊबदार, इतकं शांत झालं होतं, की साहेबांना एक जांभई आली आणि त्यांनी ती हाताआड लपवली. कशावरूनने बोटं मोडायला सुरुवात केली. किल्ली सुटली असेल तर? काका आज उशी न घेताच झोपले असतील तर?

आणि मग रोलमधून हळूहळू चित्र बाहेर येऊ लागलं. आधी एक छोटी लाँच. मग तिच्यात आडवा पडलेला गोल माणूस. मग एक घड्याळ.

“सरकारी कागदावर कुणी गिरगोट्या केल्या?” साहेब गरजले.

“आम्ही!” हेडबाई पुढे झाली. “सकाळी नऊलाच काढून ठेवलंय. पेन त्या घड्याळापर्यंत पोचलं, की रेघ उडी मारेल!”

“कशावरून?” बाईंनी विचारलं. कशावरूनने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्याला त्या फार आवडल्या.

पेन लाँचवरून गेलं. पेन माणसाच्या पोटावरून गेलं. पेन घड्याळाला टेकलं. काहीच झालं नाही. एक मिनिट गेलं.

आणि पेन उडालं! सर्रकन वर गेलं, कागदाच्या कडेबाहेर गेलं आणि टेबलाच्या लाकडावर निळा ओरखडा काढून तिथेच थरथरत राहिलं.

मावशी पेनावर वाकली. “हे... हे कुणीतरी बोयाला इंजिन लावून ओढतंय!”

आता मुलांच्या लक्षात आलं. झोपेतून धडपडत उठलेल्या काकांनी बोयाला बांधलेली दोरी न सोडताच लाँच पूर्ण वेगात सोडली होती! मुलांनी गजराचा विचार केला होता, इंजिनाचा केलाच नव्हता.

“तुटला,” साहेब म्हणाले. “संपलं.”

कशावरूनने काही विचारलं नाही. हेडबाई रडायला लागली होती. आपणच मावशीचा दोर तोडला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. मुंगीने मात्र टेबलावर हनुवटी टेकवली आणि पेनाकडे बघत राहिली.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “येतंय.”

पेन कडेवरून खाली सरकलं. कागदावर आलं. एकदा डगमगलं. मग पुन्हा बारीक बारीक थरथरू लागलं, लाटांची ती जुनी, नेहमीची रेघ काढत. दोर जागेवर होता!

अर्ध्या तासाने लाँच धक्क्याला लागली. काका डबा हातात धरून वर आले, गालावर ताजा चौकोन. “हे कुणाचं? माझा जीव गेला असता!” आणि मग समोर उभ्या असलेल्या बाईंना पाहून त्यांनी डबा पाठीमागे लपवला.

सगळं कबूल करायला त्यांना फार वेळ लागला नाही. “घरी जुळी झालीत हो, बाई. एक झोपलं की दुसरं उठतं. दोन महिने डोळ्याला डोळा नाही. बेटाची सावली गार, बोया समोर... वाटलं, पाच मिनिटं.”

बाईंनी वही उघडली आणि एकेक पान उलटलं. सर्व ठीक. सर्व ठीक. सर्व ठीक. “यांनी न बघता लिहिलं,” त्या म्हणाल्या. “आणि साहेब, तुम्ही न बघता सही केलीत. या सगळ्यात खरं बोलत होता तो फक्त दोर.” साहेबांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं.

काकांना दोन आठवडे रजा मिळाली. रागावून नव्हे, झोपायला. आणि बाईंनी आपल्या अहवालात लिहिलं, की लाँचच्या पूर्ण ओढीलाही दोर टिकला, असे आणखी सहा दोर बनवावेत. मुंगीच्या चित्रासकट कागदाचा तो तुकडा त्यांनी कापून स्वतः अहवालाला चिकटवला.

“शाबास!” जाताना त्यांनी तिघांशी हात मिळवला. “तुम्ही कागदाला विचारलंत, वहीला विचारलंत, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडलं नाहीत. मोठ्यांना हे जमलं नाही.”

त्या गेल्यावर मावशीने तिघांना रांगेत उभं केलं. “दोर तुटला असता तर? लाँच उलटली असती तर? काका पाण्यात पडले असते तर? आधी मला सांगायचं! कळलं?”

“कळलं,” तिघे खाली बघत म्हणाले.

“आणि...” मावशीने तिघांनाही एकदम कवेत घेतलं. तिला डांबराचा वास येत होता आणि ती रडत होती, हसत होती, दोन्ही.

संध्याकाळचं ऊन खिडकीतून आत आलं, तेव्हा मुंगी झोळीत गाढ झोपली होती. हेडबाई आणि कशावरून कोपऱ्यात दोराचं वेटोळं गुंडाळत होते, भांडत भांडत, पण हळू आवाजात. मावशी चाचणीच्या छोट्या पेनाजवळ उभी राहिली. वर... खाली... वर... खाली. तिने झोळीत वाकून मुंगीकडे नीट पाहिलं, कपाळावरचे केस बाजूला सारले. मग कागदावर त्या रेघेखाली तारीख आणि वेळ घातली, आणि लिहिलं, “सर्व ठीक.”