नेहमीची खोली

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण ही ऐकीव गोष्ट नाही. फोन माझ्या हातात होता, आणि तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. दिवेलागणीची वेळ. जागा, माझ्या मावशीचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्याआधीच्या उन्हाळ्यात गेले. पेपर वाचता वाचता, खुर्चीतच.

काकांना एकच वेड होतं. स्कीइंग. दर हिवाळ्यात आठवडाभर ते डोंगरातल्या एका रिसॉर्टला जायचे. एकटेच. मावशी म्हणायची, "मी पण येते." उत्तर ठरलेलं. "तुला थंडी सोसत नाही."

मी ट्रॅव्हल ऑफिसात बुकिंगचं काम करते. घरचीच मी असताना काका बुकिंग मात्र स्वतः करायचे. मला वाटायचं, माणूस भिडस्त आहे.

त्या रविवारी मावशीनेच मला बोलावून घेतलं.

"अगं, मला तिथे जायचंय. शिकवतात ना नवशिक्यांना?"

"मावशी, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस? घसरायचंच तर आहे. वर चढवायला रोपवे असतो म्हणे."

खूप दिवसांनी हसली ती. आम्ही बेत आखायला बसलो. सकाळची गाडी घ्यायची. पहिले दोन दिवस नुसती शिकवणी. स्की आणि काठ्या तिथेच भाड्याने.

"बूटही तिथेच घेऊ," ती म्हणाली. "ह्यांचे आहेत बेडरूमच्या कपाटात, पण माझे पाय त्यात पोहतील."

मी रिसॉर्टला फोन लावला. स्पीकरवर. जुनं गिऱ्हाईक म्हणून खोली चांगली मिळेल, या आशेने काकांचंच नाव सांगितलं.

"त्या नावाने बुकिंग झालंय की," रिसेप्शनवरचा माणूस म्हणाला.

"कधी?"

"आज सकाळीच. साहेबांचा फोन होता."

मी मावशीकडे पाहिलं. तिने हातातला कप खाली ठेवला.

"काहीतरी चूक होतेय तुमची," मी म्हटलं.

"छे हो! त्यांचा आवाज मी ओळखतो. नेहमीची खोली, उताराकडे खिडकी असलेली. आणि नेहमीच्या मॅडम."

मी फोन बंद करायला गेले. मावशीने माझं मनगट धरलं.

"विचार. कोण मॅडम?"

मला विचारावं लागलंच नाही. तो आपणहून बोलत होता...

"त्यांच्या मिसेस हो. दरवर्षी येतात. साहेबांपेक्षा त्याच छान स्कीइंग करतात."

फोन कधी बंद केला, आठवत नाही.

घरात चिडीचूप. फ्रिजची घरघरसुद्धा थांबली होती.

आणि मग... बेडरूममधून आवाज आला.

कट्.

स्कीच्या बुटांना चाप असतात. ते लावताना होतो तो आवाज.

कट्... कट्...

कोणीतरी आरामात बूट घालत होतं.

"मावशी, आत कोण आहे?"

ती उठून पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली.

बेडरूमचं दार उघडलं. दारात कोणी नव्हतं.

ठक्... ठक्... ठक्...

ते बूट कडक प्लास्टिकचे. त्यातली चाल वेगळीच, टाच आधी आपटते. आवाज मावशीपाशी आला...

आणि थांबला.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "एकदा माझ्याकडे बघा तरी."



मग पावलं बाजूला सरकली. आपण वाटेतली खुर्ची टाळून जातो ना, तशी. मावशीला वळसा घालून ती पावलं बाहेरच्या दाराकडे गेली. कडी निघाली. दार हळूच लागलं.

"गेला," मावशी म्हणाली.

जन्मभर ती त्यांना 'हे' म्हणत आली होती.

कपाट उघडून पाहिलं. स्की, काठ्या, बूट... काही नव्हतं.

आमचा बेत तिथेच बारगळला. पण मला राहवेना. त्या आठवड्यात ऑफिसातून मी पुन्हा फोन केला. या वेळी तो माणूस दबक्या आवाजात बोलला.

"मॅडम एकट्याच आल्यात. जेवण मात्र दोघांचं मागवतात. उतारावर एकट्याच दिसतात, आणि मागे बर्फात..."

"काय?"

"दोघांचे माग उमटतात."

मी हे मावशीला सांगितलं नाही. वाटलं, कशाला जखमेवर मीठ चोळायचं?

मध्ये एकदा मावशीकडे गेले होते. ती शांतपणे भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचा फोन आला होता."

"कोणाचा?"

"त्याच्या मिसेसचा." हे बोलताना तिचे ओठ वाकडे झाले. "रडत होती. म्हणाली, बर्फ वितळला तसा तो येईनासा झाला. उन्हाळ्यात तुमच्याकडेच असतो ना, विचारत होती."

"मग तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं."

ती पुन्हा भाजी निवडायला लागली.

तिने मानापायी खोटं सांगितलं की खरं, कोण जाणे. विचारायची माझी छाती झाली नाही. बेडरूमचं दार लोटलेलं होतं. मी चहा न घेताच निघाले.