उरेल ते

दुपारची भांडी आवरून अन्वी गुरव मिरजेच्या व्यायामघरात आली, दंडाला नळी लावून घेतली आणि फिरत्या जिन्यावर चढू लागली. डाव्या मनगटाला प्लास्टर होतं, पण खाडा नव्हता. तिच्यासारख्या चाळीसेक जणी आधीच चढत होत्या. सगळ्या घामकरणी. घरटी एक.

हा शब्द आता कोणाला खटकत नाही. स्नायूंना कष्ट झाले की ते रक्तात काही द्रव्यं सोडतात. हाडांना, हृदयाला, झोपेला, अगदी मनालाही ताजं ठेवणारी. नियमित व्यायाम करणारी बाई टवटवीत दिसते ती त्यांच्यामुळे. शास्त्रज्ञांनी त्या द्रव्यांना श्रमरस हे नाव दिलं आणि वीस वर्षांपूर्वी तो रक्तातून वेगळा काढून दुसऱ्याला देण्याची युक्ती शोधली. अट एकच, एका चुलीवर जेवणाऱ्यांनाच तो एकमेकांचा चालतो. मग काय, घरातल्या एकाने चढावं आणि बाकीच्यांनी दंडाला पट्टी चिकटवून बसावं. तो 'एक' कोण, यावर कुठल्या घरात बैठक बसल्याचं ऐकिवात नाही.

अन्वी नऊ वर्षं रोज तासभर चढत होती. तरीही मागच्या महिन्यात कुकरचं झाकण उघडताना तिचं मनगट मोडलं, आणि झाकण काही फार घट्ट नव्हतं. त्याचीच चौकशी करायला पुण्याहून डॉ. मृण्मयी पेठे आल्या होत्या. श्रमरस वाटणारं यंत्र त्यांच्याच संस्थेचं. चढून झाल्यावर त्यांनी अन्वीला शेजारच्या खोलीत बोलावलं.

"वय अडतीस, हाडं सत्तरीची," डॉक्टर म्हणाल्या. "झोप लागते?"

"पडलं की लागते. उठल्यावर वाटतं, पडलेच नव्हते."

"जिना तुम्ही चढता. घरात सगळ्यांत ठणठणीत तुम्ही असायला हवं. म्हणून तुमचा अर्ज काढला."

अर्जात एक रकाना होता: कोणाला किती? नवऱ्यापुढे चाळीस टक्के, दिरापुढे तीस, सासूबाईंपुढे तीस. स्वतःच्या नावापुढे अन्वीने लिहिलं होतं, 'उरेल ते'.

"यंत्र फक्त आकडे वाचतं, आणि सगळा रस त्या प्रमाणात आकडेवाल्यांतच वाटतं. उरलं शून्य. नऊ वर्षं."

"जेवतानाही तसंच असतं ना मॅडम. सगळ्यांचं झालं की आपण."

"तिथे पातेल्यात दोन घास तरी मागे राहतात. यंत्र पातेलं खरवडून वाढतं."

डॉक्टरही थकल्या होत्या. चार दिवसांत त्यांनी अकराशे अर्ज चाळले होते आणि नऊशे बायकांनी तेच दोन शब्द लिहिले होते. रकाना त्यांनीच आखला होता. आकडा मागितला तर बाई तो लिहिणारच नाही, हे स्वतः बाई असून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. चूक यंत्राची म्हणावी तर तेही जमत नव्हतं.

"तीस लिहा. आत्ता, इथेच. बाकीच्यांचं थोडंथोडं कापलं जाईल, एवढंच."

"घरी विचारते."

घरी नवरा, अथर्व, म्हणाला, "घे की, कोण नको म्हणतंय?" दिराने मोबाइलमधून मान वर न करता "घे ना वहिनी" म्हटलं. आपला आकडा कमी करतो, असं दोघांपैकी एकही म्हणाला नाही. सासूबाई, पल्लवीताई, गुडघ्यावरून हात फिरवत तिच्याकडे बघत होत्या. त्यांचे गुडघे त्या पट्टीवर चालत होते. अन्वीला त्यांच्या ताटातलं उचलवेना. तिने अर्जाला हात लावला नाही. तिला राग आला होता, पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी तिला पुन्हा बोलावून तिचा अर्ज पुढे ठेवला.

"सासूबाईंनी गुपचूप फोन करून आपला तीसचा आकडा खोडायला लावलाय. त्याजागी लिहायला सांगितलं, उरेल ते."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी. पण तुम्ही आकडा लिहिलाच नाहीत. तेव्हा यंत्राने ते तीस आकडेवाल्यांना वाटून टाकले."

गेले काही दिवस दीर अंघोळीला जाताना शीळ का घालत होता, ते अन्वीला आता कळलं.

एवढ्यात सासूबाईच दाराच्या चौकटीला धरत आत आल्या. गुडघे पुन्हा बोलू लागले होते.

"आजपासून मीपण चढणार," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुझ्या घामावर बसून खाल्लं. थोडं चढेन, तेवढाच तुला हातभार."

नवीन घामकरणीला नवा अर्ज लागतो. डॉक्टरांनी तो पुढे सरकवला. सासूबाईंचं पेन त्याच रकान्याशी येऊन थांबलं.

"अन्वी, तू काय लिहिलंयस गं?"

अन्वीने पटकन आपला अर्ज ओढला, दोन शब्द खोडले आणि लिहिलं, पन्नास. नऊ वर्षांत जे जमलं नाही ते एका झटक्यात झालं. स्वतःसाठी तिचा हात उठला नसता. म्हातारीसाठी उठला, याचं तिला वाईटही वाटलं.

"पन्नास, आई. तुम्हीपण तेवढेच लिहा."

सासूबाईंनी चष्मा सारखा करून तो आकडा दोनदा वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"बरं झालं बाई. आता तुझी काळजी नाही," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात 'उरेल ते' लिहिलं आणि नळी लावून घ्यायला दंड पुढे केला.